नववं दार

आमच्या पाहणीतल्या ताईला सगळे ‘नववं दार’ म्हणायचे. हे नाव ठेवणारा मीच. वीस वर्षं तिने पाण्याचे मीटर वाचले आणि नोकरी संपल्यावर ती मानसशास्त्र विभागाच्या पाहणीवर आली. साठीपुढची माणसं किती एकटी पडली आहेत, हे घरोघरी जाऊन विचारायचं काम होतं. “मीटर बाहेर असतं, माणूस आत असतो, एवढाच काय तो फरक,” ती पहिल्याच दिवशी म्हणाली. मला हसू आलं. मी वीस वर्षं शिकवण्या घेतलेला माणूस, मला कोण काय शिकवणार!

विभागाने अशा माणसांच्या घरांची लांबलचक यादी दिली होती. तिच्यातलं प्रत्येक नववं घर आमचं, अशी प्रत्येकी चाळीस घरं. दार बंद असेल तर वेगवेगळ्या वेळी तीन खेपा घालायच्या. तरी नाहीच उघडलं तर ‘बंद’ लिहायचं. शेजारच्या घरात मात्र जायचं नाही.

हा शेवटचा नियम माझ्या डोक्यात कधी शिरलाच नाही. शेजारी एखादे काका मोकळे बसलेत, बोलायला उतावीळ आहेत, त्यांना सोडून बंद दाराला काय कवटाळायचं? मी सरळ शेजारी जाऊन फॉर्म भरायचो आणि वर नंबर यादीतलाच टाकायचो. माझी चाळीसची चाळीस घरं अशी झटक्यात भरली.

पुढच्या पाहणीचा पर्यवेक्षक आम्हा दोघांतून निवडणार, असं विभागाच्या मॅडमनी सांगून ठेवलं होतं. ताईला ती जागा हवी होती आणि ती काही ते लपवत नव्हती. “जिने चढून चढून टाचा गेल्या माझ्या, पण डोकं शाबूत आहे. मला ती खुर्ची पाहिजे,” असं ती माझ्या तोंडावर सांगायची. पण तिच्या यादीत आधीच चार ‘बंद’ आणि दोन ‘नकार’ होते. उरलं होतं फक्त चाळिसावं घर. तेही कोरं गेलं तर तिचं काही खरं नव्हतं.

ते घर होतं तिसऱ्या मजल्यावर. दोन खेपा फुकट गेल्या होत्या. तिसऱ्या खेपेला दोघांनी जायचं असा मॅडमचा दंडक, म्हणून मीही गेलो. ताईने सकाळी साडेआठची वेळ ठरवली, कारण नऊच्या खेपेला दारातला पेपर आत गेलेला दिसला होता. आम्ही पोचलो तेव्हा शेजारचे काका दारातच उभे होते. “मला विचारा की. मी रिकामाच आहे.”

“तुमचा नंबर नाही, काका,” ताई म्हणाली.

मी तिच्या कानाशी लागलो. “घे ना त्यांना. कोणाला कळणारे?”

तेवढ्यात दार उघडलं. पेपर घ्यायला वाकलेल्या काकू आम्हाला बघून दचकल्या. ताईने आपण कोण, कशासाठी आलो ते सांगितलं आणि आत बसून संमतीपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलं. मी ते नेहमी गाळायचो. “मधेच थांबलात तरी चालेल. दिलेलं परत मागितलंत तरी चालेल,” असं तिने दोनदा सांगितलं.

गेल्या आठवड्यात किती जणांशी बोललात? काकूंनी बोटं मोजली. दोन बोटं झाली. आजारी पडलात तर कोणाला कळवाल? काकूंनी हातातल्या पेपरची घडी केली. मग त्यांनी मुलाचं सांगितलं. तो दोन गल्ल्या सोडून राहत होता आणि चार वर्षांत जिना चढला नव्हता. फॉर्म पूर्ण झाला. ताईचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर आलो असू, तोच वरून हाक आली. काकू कठड्याला धरून उतरत होत्या. “ताई, तो कागद द्या परत. माझ्या मुलाबद्दल असं कुठे लिहिलेलं नको.”

“अहो काकू, त्यात नाव नसतं, नुसता नंबर,” मी म्हणालो. “कोणाला कळणार नाही.”

“मला कळेल ना.”

मी आणखी समजूत घालणार होतो. ताईने पिशवीतून फॉर्म काढला आणि त्यांच्या हातात दिला. काकूंनी त्याचे चार तुकडे केले. ताईने यादी काढून तिथेच, जिन्यात उभ्या उभ्या लिहिलं, ‘संमती मागे घेतली.’  मला तिचा राग आला होता आणि त्याहून जास्त माझी स्वतःची लाज वाटत होती.

मॅडमनी आम्हा दोघांच्या याद्या आणि फॉर्म शेजारी शेजारी ठेवले. “मास्तर, तुमच्या भागात एकटं कोणीच नाही?”

“भाग चांगला आहे, मॅडम.”

“आणि चाळिसातलं एकही दार बंद नव्हतं?”

 मग मी सगळं कबूल केलं. माझे सगळे फॉर्म रद्द झाले आणि खुर्ची ताईला मिळाली. मला घरी पाठवणार होते, पण ताईनेच मला मागून घेतलं. “अकरा दारं सोडलीत तुम्ही, मास्तर. आधी ती वाजवा. आणि वाजवल्यावर शंभरपर्यंत मोजा.”

पहिल्या दारापाशी मी मोजत उभा राहिलो. सत्तरच्या पुढे गेलो तेव्हा आतून काठीचा आवाज आला आणि कडी निघाली. एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे निरखून बघत होते.

“मागे आला होतात ते तुम्हीच ना? मला उठायला वेळ लागतो. दारापाशी आलो तोवर तुम्ही शेजारी जाऊन बसला होतात. तुमचे प्रश्न, हसण्याचे आवाज ऐकू येत होते. मला वाटलं, आपल्याला विचारण्यासारखं काही नसेल.”

“नंबर तुमचाच होता,” मी म्हणालो. “चुकलो मी.”