प्रिंटर नसलेल्या घरात

मावशी कॉम्प्युटर बघायच्या आधी ऐकायची. गिऱ्हाइकाच्या घरात शिरली की कोणी बस म्हणायच्या आत ती टेबलापाशी वाकून डब्याला कान लावायची. आतला पंखा कसा फिरतोय यावरून तिचं अर्धं निदान व्हायचं. "धापा टाकतोय बिचारा," ती म्हणायची, "याच्या पाठीवर कोणीतरी बसलंय." घरची माणसं एकमेकांकडे बघायची. ही बाई शहाणी की खुळी, हे पुढच्या अर्ध्या तासात ठरायचं, आणि बहुतेक वेळा दोन्ही ठरायचं.

या धंद्याआधी कितीतरी वर्षं ती एका इंटरनेट कंपनीच्या तक्रार खिडकीवर होती. खिडकी नुसती नावाला, असायचा तो फोन. दिवसभर लोक तिच्यावर खेकसायचे आणि ती गोड आवाजात सांगायची, "बंद करून परत चालू करा." हे वाक्य तिच्या जिभेवर इतकं बसलं होतं की झोपेतही बरळायची. तिचा नवरा शिंपी, सगळी गल्ली त्याला टेलर म्हणायची. तो कूस बदलत म्हणायचा, "मी बंदच आहे, बाई. झोप आता." पुढे कंपनीने तिच्या जागी एक रेकॉर्ड केलेला आवाज बसवला. तो आवाजही तेच वाक्य म्हणायचा, फक्त त्याला पगार लागत नव्हता. मावशी चार दिवस घरात धुमसली आणि पाचव्या दिवशी पिशवी खांद्याला लावून घरोघर कॉम्प्युटर दुरुस्त करायला बाहेर पडली. बायकाच तिला जास्त बोलवायच्या. घरात एकटं असताना अनोळखी पुरुष आत घेण्यापेक्षा ही बरी.

तिच्या कामाचा एक नियम होता, आणि त्यावर ती अडून असायची. आधी बंद, मग चर्चा. मशीनमध्ये आत काय काय चाललंय याची यादी ती पडद्यावर उघडायची, कोण किती खातंय त्या क्रमाने लावायची, आणि वरच्यापासून एकेकाची मान धरायची. गाण्यांचं काहीतरी, कधीकाळी उतरवलेल्या खेळाचं काहीतरी, दर तासाला स्वतःला अद्ययावत करत बसणारं काहीतरी. सगळी गुपचूप मागे बसून नेट ओढत असायची. विचारत बसलं तर लोक एकालाही हात लावू देत नाहीत, हे ती अनुभवाने शिकली होती. "ते राहू द्या, लागतं कधीतरी," हे तिने घराघरांत ऐकलेलं. म्हणून ती विचारतच नसे. मात्र काही पुसून टाकत नसे, नुसतं बंद करून ठेवायची. आठवडाभर कोणाचं अडलं नाही, तर मग पुसायचं.

तिच्या पिशवीत एक पेन ड्राइव्ह असायचा, तपासणीची सगळी हत्यारं त्यात. तीन वेळा गिऱ्हाइकांकडे विसरून आल्यावर टेलरने तिला सुनावलं होतं, "मी लोकांच्या कॉलरीच्या आत खूण घालतो, तशी तूही घाल की." तेव्हापासून पेन ड्राइव्ह लावला की पडद्यावर त्याचं नाव यायचं: मावशी, आणि पुढे तिचा फोन नंबर. या युक्तीचा तिला भारी अभिमान होता.

त्या दिवशी सकाळी फोन आला तो ओळखीच्या एका म्हाताऱ्या बाईंच्या मोबाइलवरून. बोलणारी मात्र तरुण होती. नेट फार हळू चालतंय, पडद्यावर माणूस बोलायला लागला की गोठतो, आणि आज दुपारी तीनला अगदी नडीचं काम आहे, ती म्हणाली. मावशीने पत्ता घेतला. स्वतःच्या फोनवरून का नाही केला, हा प्रश्न तिच्या डोक्याला शिवलाही नाही.

तिसरा मजला, दोन खोल्या, इतक्या आवरलेल्या की मावशीला स्वतःच्या चपलांची लाज वाटली. दार उघडणारी बाई तिशीची असेल. नवरा मालाच्या गोदामावर मॅनेजर, मुलगी शाळेत. कॉम्प्युटर खिडकीशी होता.

"हे माझं आहे," ती लगेच म्हणाली. "लग्नाआधीचं. मी हिशेबनीस होते."

"होते कशाला? हिशेब काय विसरतो माणूस?" मावशी डब्याशी वाकत म्हणाली.

ती हसली नाही. दार लागलंय ना ते बघून तिने हळू आवाजात सांगितलं. दुसऱ्या गावी मुलींच्या वसतिगृहात हिशेबाची जागा निघाली होती. राहायला खोली तिथेच, मुलीला शाळाही तिथेच. सगळं बोलणं शेजारच्या काकूंच्या त्याच फोनवरून झालं होतं, कारण हिचा फोन नवरा रोज संध्याकाळी हातात घेऊन बघायचा. पण आज मुलाखतीत त्यांच्यासमोर हिशेब मांडून दाखवायचा होता, आणि ते फोनवर जमणारं नव्हतं. आज जमलं तर परवा निघायचं. नाही जमलं तर ती जागा दुसरीला.

अशा वेळी माणसाने आपलं काम नीट करावं, एवढंच तिला कळत होतं. पंखा ऊर फुटेस्तोवर धावत होता. मावशीने पेन ड्राइव्ह लावला, यादी उघडली आणि भुवया वर गेल्या. साध्या घरात नेट आत येतं जास्त आणि बाहेर जातं थोडं. इथे उलटं होतं. मशीनमधून काहीतरी एकसारखं बाहेर वाहून नेलं जात होतं. नेणाऱ्याचं नाव होतं प्रिंटर सेवा.

तिने मान वळवून खोली बघितली. प्रिंटर नव्हता. कधीकाळी असेल, तो गेला आणि त्याचं भूत राहिलं. असली भुतं तिने शेकड्याने उतरवली होती. तिने बंद केलं. क्षणभरात ते परत उभं राहिलं.

"निर्लज्ज आहे मेलं," मावशी म्हणाली. मग आणखी आत शिरून तिने ते मशीनबरोबर आपोआप उठायचं तेच बंद केलं आणि वरून पुन्हा एकदा दाबलं. या वेळी ते उठलं नाही. पंख्याचा आवाज उतरत उतरत इतका खाली आला की भिंतीपलीकडचा शेजाऱ्यांचा टीव्ही ऐकू येऊ लागला.

हिशेबनीसबाईने घाईघाईने कॅमेरा लावून बघितला. स्वतःचा चेहरा स्वच्छ, न थरथरता, ओठांबरोबर आवाज. "दिसतंय!" ती म्हणाली. "मावशी, दिसतंय हो!" तिने मावशीचा हात घट्ट धरला. त्या एका मिनिटात ती कोण होती आणि लग्नाआधी कशी असेल ते मावशीला दिसलं. फार छान होती.

तेवढ्यात टेबलावरचा मोबाइल वाजला.

त्यावर नवऱ्याचं नाव होतं. हिशेबनीसबाईने मावशीला बोट ओठांवर ठेवून दाखवलं आणि फोन स्पीकरवर घेतला. नवऱ्याचा तसा दंडकच होता. घरात आणखी कोणाचा आवाज आहे का, ते त्याला कळायला हवं असायचं.

"मशीनला काय झालं?" आवाज शांत होता.

"कुठे काय?"

"इथे बंद दाखवतंय. प्लग काढलास का?"

एका वाक्यात मावशीला सगळं उमगलं. प्रिंटरचं भूत वगैरे काही नव्हतं. या बाईचा पडदा क्षणाक्षणाला फोटो होऊन गोदामातल्या त्या माणसाकडे जात होता, म्हणून नेट हळू होतं, म्हणून पंखा धापा टाकत होता. आणि हे समजायच्या आधी तिने, न विचारता, नियमाप्रमाणे ते बंद करून टाकलं होतं. प्रिंटर कुठाय गं, एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

हिशेबनीसबाई तिच्याकडे बघत होती. काय बोलू, असं डोळ्यांनी विचारत होती. मावशीने आवाज न करता नुसते ओठ हलवले. ते वाक्य तिला शोधावं लागलं नाही.

"अडकलं होतं," ती बाई फोनमध्ये म्हणाली. "बंद करून परत चालू करतेय."

"कर. मी आहे फोनवर."

तो खरंच थांबला. मावशीने आपल्या हाताने, जे खोदून काढलं होतं ते परत पुरायला सुरुवात केली. पडद्यावर बाण सरकत होता आणि खोलीत तीन माणसांचा श्वास होता, त्यातला एक लपवायचा होता. तिला खोकला आला आणि तिने पदर तोंडात कोंबला. शेवटचं बटण दाबताना हिशेबनीसबाईचा हात माउसवर होता आणि मावशीचा त्या हातावर.

पंखा पुन्हा पळायला लागला.

"हं," फोन म्हणाला. "आता दिसतंय."

फोन बंद झाला. मावशीने मशीनकडे बोट दाखवलं, मग आपल्या कानाकडे. जे बघतं ते ऐकतही असेल, कोण जाणे. तिने पेन ड्राइव्ह उपटून पिशवीत टाकला आणि तिला धरून बाहेर जिन्यात आणलं.

जिन्यात ती बाई कठड्याला टेकली. "आधीही दोन ठिकाणांहून बोलावणं आलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा मेल याच मशीनवरून केले होते. आदल्या दिवशी फोन केला तर म्हणाले, बाई, तुम्हीच मेल करून नको म्हणून कळवलंत. मी कुठे कळवलं होतं? हे म्हणाले, तू विसरतेस हल्ली. मलाही तसंच वाटायला लागलं होतं, मावशी. मी डॉक्टरकडे जाणार होते."

मावशीला त्या माणसाचा इतका संताप आला की तिचे कान तापले. पण संतापून तीन वाजता काही होणार नव्हतं. "माझं घर दोन गल्ल्या सोडून आहे," ती म्हणाली. "टेलरचं दुकान विचार, कोणीही दाखवेल. माझं मशीन आहे, नेट आहे, मागे साधी भिंत आहे. हे चालूच राहू दे, त्यावर काहीतरी लांबलचक लावून ठेव. त्याला वाटेल तू बघत बसलीस. पावणेतीनला ये."

"येते," ती म्हणाली. आणि पहिल्यांदा थोडं हसली. "हिशेब विसरले नाहीये मी."

मावशीने घरी येऊन कॉम्प्युटर असा लखलखीत केला, जसा स्वतःच्या मुलीसाठीही केला नसता. टेलरने सगळं ऐकून घेतलं, शिलाई मशीन बंद केलं, कपड्यांचे ढीग मागच्या खोलीत नेले आणि चांगली खुर्ची आणून मांडली. "उंच वाटतेय का?" त्याने विचारलं. गिऱ्हाइकाची बाही आखूड झाली तरी ज्याला फिकीर नसायची, तो माणूस खुर्ची पुढे-मागे करून बघत होता.

पावणेतीन झाले. तीन झाले. मावशी दारात उभी राहून गल्लीच्या तोंडाकडे बघत होती. मुलगी शाळेतून लवकर सुटली असेल, टेलर म्हणाला. वाट चुकली असेल. दोन गल्ल्यांत कोण वाट चुकतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मग मावशीचा फोन वाजला. नंबर अनोळखी, आवाज ओळखीचा.

"मावशी का?" तो अदबीने म्हणाला. "आज आमच्याकडे येऊन गेलात. मशीन परत सुरू झालं तेव्हा मी बघतच होतो, पहिल्याच फोटोत कोपऱ्यात तुमचं नाव होतं. नंबरसुद्धा. बरं केलंत, शोधायला लागलं नाही."

पेन ड्राइव्ह. तो मावशीने निघताना काढला होता. चालू करायच्या आधी काढायचं तिला सुचलंच नव्हतं.

"ती येणार नाही. मी घरी आलो तेव्हा निघतच होती," तो म्हणाला. "आमच्या घरातलं मशीन हळू झालं तर मी बघतो. तुम्ही त्रास घेऊ नका."

टेलरने दुकानाची फळी ओढली आणि दोघं निघाली. पहिल्या मजल्यावर मावशीने त्याला थांबायला सांगितलं. दोन माणसं दिसली तर त्या बाईला आणखी जड जाईल. तिसऱ्या मजल्यावर शेजारच्या काकूंचं दार किलकिलं झालं आणि लगेच लागलं.

हिशेबनीसबाईने दार उघडलं ते साखळी न काढता. सकाळचेच कपडे, केस नीट बांधलेले, अंगावर मारल्याची खूण दिसत नव्हती. तिच्या मागे, खिडकीशी, एक पुरुष पाठमोरा कॉम्प्युटरसमोर बसला होता. त्याने वळूनही बघितलं नाही.

"पोरी," मावशी म्हणाली. पुढचं तिने कितीदा जुळवलं होतं, ये माझ्याबरोबर, अशीच ये, मुलीला शाळेतून घेऊ. त्यातला एक शब्द ओठांपर्यंत आला तोच त्या बाईने मान हलवली. इतकी थोडी, की मागून कोणाला दिसू नये.

"काही काम नव्हतं मावशी," ती मोठ्याने म्हणाली. "उगाच बोलावलं मी तुम्हाला. मी विसरते हल्ली."

दार लागलं. मावशी तिथेच उभी राहिली. इतक्या वर्षांच्या सवयीने तिचा कान आपोआप दाराकडे गेला. आत कोणी ओरडत नव्हतं, कोणी रडत नव्हतं. फक्त पंखा धापा टाकत होता.

खाली टेलर कठड्याला धरून उभा होता. "काय म्हणाली?"

मावशीने पिशवीतून पेन ड्राइव्ह काढला, त्याच्या हातात दिला आणि पायऱ्या उतरायला लागली. तळाशी पोचल्यावर ती म्हणाली, "सगळं ठीक चालू आहे म्हणाली."