मी काढून टाकलेला सर्व्हर

मी आज जो काही आहे तो गुलाबाच्या शेडमधल्या पॅकिंगच्या मावशींमुळे. आई-वडिलांनी मला शिकू दिलं, पण शिकायला जागा दिली ती मावशींनी. पवन मावळातल्या आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. कॉलेजच्या वर्षांत सोमाटण्याजवळच्या त्या शेडच्या ऑफिसात संगणकासमोर मला बसता यावं म्हणून मावशी शेडच्या मालकांशी, आमच्या साहेबांशी, भांडल्या. पुढे तिथल्या सॉफ्टवेअरचं काम मिळालं तेही "पोरगं माझ्या भरवशावर घ्या" या त्यांच्या शब्दावर.

फुलं दांड्याच्या लांबीप्रमाणे निवडायची, जुड्या बांधून पेटीत भरायच्या, पेटीवरचा बारकोड स्कॅन करायचा आणि पेटी शीतगृहात ठेवायची. स्कॅनर टुक वाजला की नोंद झाली. शीतगृहाची किल्ली मावशींकडे होती.

हे सगळं एका जुन्या, अवजड ॲप्लिकेशन सर्व्हरवर चालायचं. आपला प्रोग्रॅम ज्याच्या आत राहतो असा तो मोठा प्रोग्रॅम. सुरू व्हायला आठ मिनिटं घ्यायचा. वीज गेली की जनरेटरवर आधी शीतगृहाचा कॉम्प्रेसर सुरू करायचा, आणि त्यासाठी शेडचं मेन स्विच पाडायचं, अशी आमच्याकडची रीत; मग संगणकही बंद. फेब्रुवारीत, गुलाब परदेशात पाठवायच्या घाईत, हे दिवसातून तीन-चारदा व्हायचं. बायका हातावर हात ठेवून उभ्या.

"तुझा सर्व्हर अजून आंघोळच करतोय व्हय रं?" मावशी चिडवायच्या.

साहेबांनी मला विचारलं, "याच सर्व्हरची नवी आवृत्ती घ्यायची, की सगळं नव्या फ्रेमवर्कवर बांधायचं? तू शिकलेला आहेस, तू ठरव."

फ्रेमवर्क म्हणजे तयार सुटे भाग. हवे तेवढे घ्यायचे, बाकीचं ओझं टाकून द्यायचं. मी तक्ता केला. सुरू व्हायला किती वेळ, मेमरी किती, बदल करणं किती सोपं. प्रत्येक ओळीत फ्रेमवर्क जिंकलं. मधेच वीज गेली तर हातातल्या नोंदींचं काय, ही ओळ त्या तक्त्यात नव्हती. मला ती सुचलीच नाही.

नवं सॉफ्टवेअर बारा सेकंदांत उभं राहिलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच आठवड्यात गाडी कमी पेट्या घेऊन विमानतळाकडे गेली. गाडी संगणकाच्या यादीवर भरायची. यादीत नसलेल्या पेट्या शीतगृहातच राहिल्या. दुसऱ्या दिवशी तेच. ऐन हंगामात, ठरलेल्या मालात तूट.

साहेबांनी मावशींना बोलावलं. "स्कॅन न करता पेट्या आत ढकलताय तुम्ही."

"न्हाई सायेब. टुक ऐकल्याबिगर मी पेटी हलवत न्हाई."

"तुम्हाला वाचता येत नाही मावशी. स्क्रीनवर काय आलं ते कळणार कसं?"

"वाचता न्हाई येत. ऐकू येतंय की."

साहेब माझ्याकडे वळले. "सॉफ्टवेअर चुकू शकतं का?"

मावशीही माझ्याकडे पाहत होत्या, शांतपणे. मी काही आता त्यांच्या विरुद्ध बोलणार नाही, अशा खात्रीने.

मी म्हणालो, "तपासलं सर. तसं काही दिसत नाही."

खोटं नव्हतं ते. मला खरंच काही दिसलं नव्हतं. पण मी नीट शोधलंही नव्हतं.

मावशींची किल्ली काढून घेतली आणि त्यांना दांड्यांची पानं काढायला बसवलं. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

तीन दिवस मी कोड वाचत होतो. चौथ्या दिवशी स्वतः स्कॅनर धरून उभा राहिलो. टुक वाजलं, वीज गेली, मेन स्विच पाडलं. स्विच वर केल्यावर बारा सेकंदांनी यादी उघडली. माझीच पेटी यादीत नव्हती.

जुना सर्व्हर प्रत्येक नोंद आधी डिस्कवर लिहायचा आणि मग टुक वाजवायचा. मी बांधलेलं सॉफ्टवेअर आधी टुक वाजवायचं, नोंद मेमरीत धरून ठेवायचं आणि सवडीने लिहायचं. वीज गेली की हातातलं सगळं गेलं. ज्या ओझ्याला मी नावं ठेवत होतो त्यातच हे काम होतं.

रविवारी मावशींना भेटायला लोहगडवाडीला गेलो. गडाच्या पायथ्याशी मावशी आपल्या भावजयीच्या टपरीवर ताक देत होत्या. गिऱ्हाइकांची गर्दी. मला पाहताच त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ह्यो आमचा विंजिनियर बरं का! लय हुशार." माझ्या हातात ग्लास दिला. मी ताक प्यायलो आणि एक शब्द न बोलता परत फिरलो. त्या संध्याकाळी स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नव्हती. मग हे पत्र लिहून पाठवलं.

"मावशी,

तुम्ही प्रत्येक पेटी स्कॅन केली होती. टुकही वाजलं होतं. नोंद माझ्या सॉफ्टवेअरने हरवली. सर्व्हर मी बदलला, निवड माझी होती, आणि साहेबांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसण्यापेक्षाही वाईट केलं.

हे सगळं मी साहेबांना लिहून दिलं आहे, खाली सही करून. जुना सर्व्हर परत लावतोय. साहेब म्हणाले, मावशींना बोलाव. मी म्हणालो, बोलवायला तुम्हीच जा. ते येतील की नाही, ठाऊक नाही. माझं काम राहील की नाही, तेही ठाऊक नाही.

तुम्ही परत यावं असं म्हणायचा मला हक्क नाही. रविवारी तोंडाने बोलायला हवं होतं, जमलं नाही.

जो कोणी हे वाचून दाखवत असेल त्याला माझी विनंती आहे. हळू वाचू नका. टपरीवर गर्दी असेल तेव्हा, मोठ्याने वाचा."