उलटे आकडे

आज नव्या पुस्तकाच्या प्रती घरी आल्या. गठ्ठा सोडताच ताज्या छपाईचा वास आला आणि मला चिचगडकडची एक शाळा आठवली. काही वर्षांपूर्वी तिथे मी माझी कालप्रवासाची पहिली गोष्ट वाचून दाखवली होती. गोष्टीतली मुलं डोळे मिटून शंभरापासून उलटे आकडे मोजतात आणि मागच्या काळात जातात. मधल्या सुट्टीनंतर तिसरीतली एक मुलगी वर्गात परतलीच नाही. शाळेमागे काठोकाठ भरलेला तलाव होता. वर्गाच्या बाई आणि मी हाका मारत धावलो. ती तलावाच्या पाळीवर, बांधावरच्या मोहाच्या झाडाखाली डोळे घट्ट मिटून बसली होती. “काऊन बसली वं इथं?” बाई ओरडल्या. “आकडे मोजून रायली जी,” ती म्हणाली, “पाचदा मोजले. माय काऊन नाई दिसत?” तिची आई त्याच वर्षी वारली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि माय कशी होती ते विचारलं. शाळा सुटेपर्यंत ती सांगत राहिली. नवं पुस्तकही कालप्रवासाचंच आहे. पुढच्या आठवड्यात ते देवरीच्या एका शाळेत वाचायचंय. प्रती कपाटात ठेवण्याआधीच मी तिथल्या बाईंना फोन लावला आणि विचारलं, “तुमच्या वर्गात आई नसलेलं कोणी आहे का हो?”