दीपकदादाच्या खिशातला मेसेंजर

दीपकदादाला बिचारा म्हणणाऱ्यांनी आज माझ्या प्रोफाइलवर यायचंच नाही.

त्याला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून त्याच्या फोटोखाली 'बिचारा बहिरा', 'साधा माणूस' असलं वाचतोय.

साधा? दादा? कधी बोललात तरी का त्याच्याशी?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. दादा शेलार गावचा. धामणकर नाक्याच्या आसपासच्या यंत्रमाग कारखान्यांत जॉबर. म्हणजे लूम बंद पडला की उघडून चालू करून देणारा.

पंधरा वर्षं त्या खडखडाटात काढली आणि कान गेले.

कारखान्यात त्याचं काही अडायचं नाही. आत कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, सगळे ओठांवर आणि हातांवर बोलतात. दादा बहिरा व्हायचा तो बाहेर आल्यावर.

मग मोबाईल आले. सेठ लोक जॉबरला फोन करून बोलवायला लागले. दादाचा मोबाईल वहिनीकडे, शेलारात, घरी. ती निरोप घेऊन नाक्यावर येईपर्यंत दुसरा जॉबर लूम चालू करून चहा पीत बसलेला.

"बहिऱ्याला बोलवायचं म्हणजे आधी त्याची बायको शोधा," एक सेठ सगळ्यांसमोर बोलला.

दादाने ते ओठांवरून वाचलं.

त्याच सेठच्या ऑफिसात मेहताजी, म्हणजे हिशेब बघणारे, दिवसभर कम्प्युटरवर मेसेंजर उघडून सुताच्या दलालांशी चॅट करायचे. दादाने ते बघितलं आणि सरळ माझ्याकडे आला. मी तेव्हा दहावी नापास, सायबर कॅफेत पडीक.

"तो लिवतो ते माझे मोबाईलवर येल का?"

"एसएमएस आहे की दादा."

"मेहता मोबाईलची बटणं दाबत बसल का रं? तो कम्प्युटर सोडून उठत न्हाय. आपून त्याचे लिस्टमदी पायजे."

मी म्हटलं, होईल. मला काहीही माहीत नव्हतं.

आधी जीपीआरएस, म्हणजे मोबाईलवरचं इंटरनेट, त्यासाठी अर्ज. सेटिंगचा मेसेज मागवा, सेव्ह करा, मोबाईल बंद करून चालू करा. मेसेंजरचं सॉफ्टवेअर केबलने टाकलं तर 'इनव्हॅलिड फाइल'. दुसरं टाकलं, ते लॉगिनवर गोल फिरत बसलं. मध्येच मी त्यात एक गेम टाकला आणि दोन दिवस तोच खेळलो, तो वेगळा विषय.

शेवटी कस्टमर केअर.

"कस्टमरशी बोलावं लागेल सर, व्हेरिफिकेशन आहे."

"कस्टमर बहिरा आहे."

"सॉरी सर, कस्टमरनेच बोलावं लागेल."

दादाने माझ्या हातातून फोन घेतला. नाव, वडलांचं नाव, जन्मतारीख, पत्ता, पिनकोड, सगळं एका दमात, कॅफे हादरेल अशा आवाजात. "आता चालू करा. मना तुमचा काय ऐकू येत न्हाय." आणि फोन परत माझ्याकडे.

संध्याकाळी जीपीआरएस चालू.

मेहताजींनी कम्प्युटरवर 'हॅलो' टाकलं आणि दादाच्या शर्टाचा खिसा थरथरला. त्याने आधी खिशावर नुसता हात ठेवला. मग मोबाईल काढून वाचलं आणि उत्तर टाकलं:

"बोला. कुठचा लूम?"

आता माझी चूक. लपवत नाही.

दादा ऑनलाइन आहे का बघायला मी कॅफेत त्याच्याच आयडीने साइन इन करायचो. पासवर्ड मीच ठेवलेला. आणि त्या मेसेंजरला एका वेळी एकच जागा चालायची. मी कॅफेत बसलो की दादा मोबाईलवरून बाहेर. हे मला ठाऊकच नव्हतं.

एकदा तसंच उघडं ठेवून मी मित्राबरोबर खारबावला गेलो, खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे पकडायला. मेहताजींचे चार मेसेज कॅफेच्या स्क्रीनवर येऊन पडले. सहा लूम बंद. दादा नाक्यावर उभा, मोबाईल गप्प.

सेठ म्हणाला, "मोबाईल घेऊन पण तेच."

मी चिंबोऱ्यांची पिशवी घेऊन परत आलो तर दादा कॅफेत, त्या स्क्रीनसमोर.

"माझे नावाने तू बसलास?"

मी मान हलवली.

"चल."

पिशवीसकट मला सेठच्या ऑफिसात नेलं. "सांग त्यांना." मी सांगितलं. सेठ हसला. "ठीक है, एक और चान्स."

"चान्स नको," दादा म्हणाला. "लूम बंद पडला का मेसेज टाका. धा मिनटात न्हाय आलो त मंग बोला."

पासवर्ड तिथेच, मेहताजींच्या कम्प्युटरवर बदलला. मला बघू दिला नाही.

आठवड्याभरात परत लूम बंद. सेठने सवयीने दुसऱ्या जॉबरला फोन लावला. तो शेजारच्या कारखान्यात, खडखडाटात. रिंग वाजत राहिली, त्याला पत्ता नाही. कान शाबूत असून.

मग मेहताजींनी मेसेज टाकला. दादा पाच मिनिटांत दारात.

त्यानंतर तेच ऐकू येणारे जॉबर एकेक करून दादाकडे आले. 'आम्हाला पण टाकून दे.' त्याने टाकून दिलं, एकेकाला बसवून शिकवलं. आणि हा म्हणे बिचारा.

गेल्या वर्षी कावीळ झाली, ती अंगात मुरली. वॉर्डात डॉक्टर वहिनीशी आणि माझ्याशी हळू आवाजात बोलत होते, दादाकडे पाठ करून. पाठ केली की ओठ दिसत नाहीत.

दादाने मोबाईलवर काहीतरी टाइप केलं, डॉक्टरांचा कोट ओढला आणि स्क्रीन समोर धरली.

"मना ऐकू येत न्हाय. वाचता येते. मना सांगा."

डॉक्टरांनी मोबाईल घेतला. दोन ओळी लिहिल्या. थांबले. खोडायला लागले.

"खोडू नका," दादा म्हणाला. अख्ख्या वॉर्डाने ऐकलं.

डॉक्टरांनी मोबाईल तसाच परत दिला. दादाने सगळं वाचलं. मग वहिनीला म्हणाला, "पोरांना आजच आन."

आणली. त्याला जे बोलायचं होतं ते सगळं बोलून झालं.

दादा, हा निरोप घे. शेलारकडून, नाक्यावरच्या सगळ्या जॉबरांकडून, आणि माझ्याकडून.