बोलायचं काम वैनीचं

मी माझ्या धाकट्या दिरांना त्यांच्या समोर नाकारलं. तेही इंग्रजीत.

आज बाळूभावजींना जाऊन वर्ष झालं. कुंडलच्या घरी सकाळी पान ठेवलं, माणसं जेवून गेली. आता इथे ऑनलाइन, सगळ्यांना दिसेल असं लिहिते.

भावजी फौजेतून रिटायर होऊन आले ते एक कॉम्प्युटर आणि दोन जुने गेम घेऊन.

दोन्ही एकाच धाटणीचे. राक्षस, जादूगार, गुहा, आणि सहा जणांची टोळी घेऊन करायचा लांबचा प्रवास. लढाईपेक्षा वाचनच जास्त, आणि सगळं इंग्रजीत.

भावजींचं इंग्रजी हुकुमापुरतं. मी सांगलीच्या कॉन्व्हेंटमधली.

म्हणून दुपारी भांडी आवरली की हाक यायची, "वैनी, या जरा. ह्यो म्हातारा काय म्हनतोय बगा."

आधी कुठला गेम खेळायचा यावर आमचा दोन दिवस वाद.

मला दुसरा हवा होता. त्यात सोबती वाटेत भेटतात, प्रत्येकाची आपली कहाणी असते. चित्रंही देखणी. पहिल्यात सहाही जण आपणच घडवायचे, चेहऱ्यापासून नावापर्यंत.

"त्या दुसऱ्यातली मानसं आपलं वागणं पटलं न्हाई की सोडून जात्यात," भावजी म्हणाले. "त्यापरीस आपली आपन करू. घरची. ती कुठं जात्यात?"

पहिला ठरला.

जखमा बऱ्या करायला सासूबाई. बाण मारायला भावजी स्वतः. ढाल घेऊन पुढे उभा राहणारा गडी म्हणजे आमचे हे.

मी कीबोर्डवर बोटं ठेवून बसून राहिले. नवऱ्याचं नाव टाइप करवेना. शेवटी लिहिलं, 'अहो'.

ह्यांनी एकदा जाता जाता पाहिलं. "ह्यो अहो लय मार खातोय गं."

"घरात खातो तेवढाच," भावजी म्हणाले.

गेममध्ये अनोळखी कुणी भेटलं की टोळीतला पहिला माणूस बोलतो. त्या जागेवर भावजींनी मला ठेवलं. नाव 'वैनी'.

"बोलायचं काम वैनीचं. वैनी बोलली की निम्म्या लढाया टळत्यात."

दोन वर्षं आमच्या दुपारी अशा गेल्या. हळूहळू भावजी स्वतःच वाचायला लागले. अडलं तेवढ्याच शब्दावर बोट ठेवायचे.

मग माझ्या शाळेतल्या चार मैत्रिणी सांगलीहून हुरड्याला आल्या.

एकीला मधल्या खोलीतला स्क्रीन दिसला. सहा चेहरे, खाली नावं. "हे कोण खेळतं गं?"

भावजींनी हसत माझी खुर्ची पुढे ओढली.

आणि मी म्हणाले, "ओह, दॅट्स माय ब्रदर-इन-लॉ. ही इज लाइक अ चाइल्ड. वी जस्ट ह्यूमर हिम."

त्यांना कळू नये म्हणून इंग्रजीत.

ते इंग्रजी मीच तर त्यांना शिकवलं होतं.

भावजींनी खुर्ची परत भिंतीला लावली. "चहा टाकतो," म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दुपारी हाक आली नाही. मीच गेले. ते एकटे बसले होते, आणि दुसरा गेम सुरू होता.

"हा का हो?"

"बरा हाय, वैनी. ह्यातली मानसं पटलं न्हाई तर तोंडावर सांगून जात्यात."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पुढे त्यांनी कधी विषय काढला नाही. माझे दात काढायचे होते तेव्हा प्रत्येक वेळी त्यांनीच मला गाडीवरून सांगलीला नेलं. मागे बसून मी ठरवायची, आज बोलू. दवाखाना यायचा. येताना ठरवायची. घर यायचं.

एवढ्या वर्षांत एक वाक्य जमलं नाही.

त्या दिवशीच्या तुम्ही चौघीही इथे आहात, म्हणून इथेच लिहिते. मी खोटं बोलले होते. तो गेम मी खेळत होते. रोज. हातातलं काम टाकून. त्या सहा जणांत सगळ्यांत पुढे मी होते, आणि मला ते फार आवडायचं.

भावजी, बोलायचं काम माझं होतं.

मला माफ करा. हे मराठीत, आणि सगळ्यांसमोर.

तुमच्या टोळीतल्या वैनीचा तुम्हाला अखेरचा नमस्कार.