नळी जात नाही, येते

लंडनमधल्या आमच्या हॅरोच्या शेजारच्या काकांइतका बंदुकांवर जीव टाकणारा आणि बंदुकीला इतका घाबरणारा माणूस अख्ख्या इंग्लंडात दुसरा नसेल, हे मी छातीठोकपणे सांगते. नोव्हेंबरात फटाके सुरू झाले की काका कानांत कापूस घालून बाथरूममध्ये बसत. आणि तिथे वाचत काय, तर पुढचं काडतूस आपलं आपण भरून घेणारी पहिली शॉटगन कशी रचली गेली ते! एकदा ट्रेनमध्ये त्यांनी मला तिची कुळकथा सांगायला घेतली. अस्सल नागपुरी मराठीत. डब्याला कळलेला शब्द एकच, ‘शॉटगन’. पुढच्या स्टेशनला आजूबाजूच्या सीट रिकाम्या. काका खूश. ‘‘पाय बाप्पा, कशी ऐसपैस जागा झाली!’’

माझी नोकरी गेली तेव्हा व्हिसाही धोक्यात आला. नवा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसाची हमी घेणारी कंपनी, मिळेना. शेवटी काकांकडे जाऊन सांगून टाकलं, ‘‘काका, मी जाते पुण्याला. कायमची.’’ काकांनी तरातरा जाऊन काकूंच्या हातातलं लाटणं काढून घेतलं (‘‘अहो, पोळ्या व्हायच्यात!’’) आणि फॉइलच्या पुठ्ठ्याच्या नळीत घातलं. ‘‘जाते नाही, येते म्हणावं! हे पाय. पुठ्ठा म्हंजे नळी, लाटणं म्हंजे बोल्ट, नळीचं मागचं तोंड बंद करणारा. बार उडाला की धक्क्यानं नळी न् बोल्ट, दोघं मिळून मागं. मग नळी पुढं येते, रिकामं काडतूस बाहेर. मागून बोल्ट येतो तो नवं काडतूस घेऊनच. धक्का बसला म्हणून तर भरली न बंदूक! आन् ती रचणारा? ज्या कारखान्याला वर्षानुवर्षं बंदुका रचून दिल्या, त्यानंच हिला नाही म्हटलं. गडी बोटीत बसून बेल्जियमला गेला. तू लंडनातल्या लंडनात हाउन्सलोपर्यंत तरी जाऊन पाय!’’ एवढ्यात लाटणं निसटून वरणात पडलं. त्यानंतरचा काकूंचा बार काकांना कापसाविना सोसावा लागला.

किती दिवसांनी मी पोट धरून हसले! लांब पडतं म्हणून नाक मुरडलेल्या हाउन्सलोच्या एका कंपनीत दुसऱ्याच दिवशी अर्ज टाकला. नोकरी लागली, व्हिसा टिकला. काकांचे हे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

गेल्या वर्षी काका-काकू कायमचे नागपूरला परतले. हीथ्रोला सोडायला मी गेले होते. सिक्युरिटीच्या तोंडाशी काका थांबले. ‘‘जातो गं बेटा,’’ म्हणाले.

मी रांगेबाहेरून ओरडले, ‘‘काका, येतो म्हणा!’’

ते वळले. नळी न् बोल्टसारख्या दोन्ही मुठी जोडून छातीशी नेल्या, आणि मग एक मूठ हळूच माझ्या दिशेनं पुढे आणली.