अकरा दिवसांचा अबोला

मी आयुष्यात कुणावर हात उचललेला नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की आमच्या घरात आता त्याला हसतात. माझे वडील सोलापुरातल्या एका गिरणीत होते. पाळी संपवून आले की मारायला कारण शोधायचे, आणि पट्टा खुंटीला तयारच असायचा. तेव्हाच ठरवलं होतं, आपण असं व्हायचं नाही. पुढं तीस वर्षं मास्तरकी केली, ती छडी कपाटात ठेवून. शाळेत अहिंसेवर बोलायची वेळ आली की माझंच नाव पुढं.

राग मात्र वडिलांचाच घेतलाय. तो कुठंतरी जाणारच. माझा अबोल्यात जायचा.

अबोला धरला की मी बायकोशी भिंतीमार्फत बोलायचो. कॅलेंडरकडं बघत म्हणायचं, "कुणी चहा करणार आहे का?" मुलगी लहान होती तेव्हा निरोप तिच्या हातून जायचे. "आईला सांग, आज डबा नको." आई तिथंच, हातभर अंतरावर. कधी दोन दिवस, कधी चार, एकदा तर पंधरा. शेवटी तीच आधी बोलायची. आणि मी मनात म्हणायचो, ना शिवी ना मार, भांडावं तर असं.

या उन्हाळ्यात कारण झालं सायकलचं. ज्या सायकलवर मी शाळेत जायचो, ती गंजून जिन्याखाली पडली होती. बायकोनं ती भंगारवाल्याला देऊन टाकली, मला न विचारता. मी तोंड शिवलं. पाचव्या दिवशी ती मुलीशी फोनवर बोलत होती. दार उघडंच होतं. "ह्या बारीला मी आदी बोलणार न्हाय बग. लई झालं. ऱ्हाऊ दे आता असंच." आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. ही खरंच पुन्हा बोलणार नाही, असं वाटून मी घाबरलो, आणि घाबरलो म्हणून आणखीच गप्प झालो.

त्यातच गल्लीत पाण्यावरून पेटलं. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी सुटतं. कोपऱ्यावरचा शेजारी थेट नळालाच मोटर लावायचा. त्याची टाकी ओसंडायची आणि पुढच्या आठ घरांना करंगळीएवढी धार. पोरं म्हणाली, मोटर फोडू. एकानं तर लोखंडी गजही आणला. अकराव्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना देवळाच्या कट्ट्यावर बसवलं आणि सांगितलं, तोडफोड नाही, शिवीगाळ नाही. मग करायचं काय? उपायही मीच काढला.

"त्या घराशी कुणी एक शब्द बोलायचा नाही. सगळ्या गल्लीनं अबोला धरायचा. हात न लावता माणूस वठणीवर येतो का नाही, बघा."

माना डोलल्या. गज भिंतीला टेकला. मला माझंच कौतुक वाटलं.

माझी बायको मागं बायकांत बसली होती. बैठकीत ती सहसा बोलत नाही. ती करमाळ्याकडच्या खेड्यातली, इतकी वर्षं शहरात काढूनही तिची बोली बदललेली नाही. ती उठून उभी राहिली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्ये नगा करू. त्या घरात बाईमाणूस हाय. मोटर नवऱ्यानं लावली, पन भोगायचं तिला. दळणाला जाईल, भाजीला जाईल, कुनी बोलणार न्हाय तिच्यासंगं. माराचा वळ दिसतो तरी. ह्येचं कुनाला काय दाखवायचं?"

आणि खाली बसली. दोघीतिघींनी माझ्याकडं बघून नजर वळवली. आमच्या गल्लीत भिंतीला भिंत आहे, कुणाच्या घरात काय चाललंय हे सगळ्यांना ठाऊक असतं. माझे कान तापले. फळ्यावरची चूक कुणी दाखवली तर ती पुसायची आणि दाखवणाऱ्याला शाबासकी द्यायची, हे मी वर्गात सहज करायचो. इथं मला नुसतं "बरोबर आहे" म्हणायलाही वेळ लागला. मग म्हणालो, "अबोला नको. मी बोलून येतो त्यांच्याशी."

शेजाऱ्याच्या बायकोनं दार उघडलं आणि आधी पाण्याचा तांब्या पुढं केला. शेजारी म्हणाला, "घर चढावर हाय सर. मोटरबिगर हितं थेंब चढत न्हाय." दोन वर्षं आम्ही चिडत होतो, पण हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांचं भरून झालं की शेवटचा अर्धा तास त्यानं मोटर लावायची, असं ठरलं. पुढं एकदा त्यानं ते मोडलंही, मग पुन्हा जाऊन बोलावं लागलं.

घरी आलो तर बायको खलबत्त्यात शेंगाची चटणी कुटत होती. मी दारात उभा राहिलो. शेजाऱ्याचं दार वाजवताना लागलं नव्हतं एवढं बळ आता लागत होतं. पस्तीस वर्षांच्या संसारात आधी बोलायची सवयच नव्हती. नजर आपोआप कॅलेंडरवर गेली.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

बत्ता थांबला. "कुनाला म्हंताय? कॅलेंडरला का मला?"

मी नजर खाली आणली. "तुला."

ती थोडा वेळ गप्प राहिली. तेवढा वेळ मला सोसवेना, आणि तिला मी अकरा दिवस तसं ठेवलं होतं.

"सायकलचं मी आदी इचाराय पायजे हुतं," ती म्हणाली. "पन का दिली, ते तुमीबी इचाराय पायजे हुतं की."

"का दिलीस?"

तिनं पातळ जरा वर केलं. घोट्याच्या वर चिंधी बांधलेली होती. जिन्याखालून डबा काढताना सायकलचा गंजलेला पत्रा लागला होता. ती चिंधी बांधून ती अकरा दिवस माझ्यासमोर लंगडत होती.